सेल्फ लागत नाही : एटीव्ही आणि दुचाकींविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापूरच्या आसपासच्या कृषी पर्यटन केंद्रांवरील एटीव्ही, म्हणजे खडबडीत रानात चालवायच्या छोट्या चारचाकी गाड्या, पुन्हा बाहेर निघतात, आणि महिनोन्महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या राहिलेल्या या गाड्यांचा सेल्फ, म्हणजे बटण दाबून इंजिन सुरू करणारी यंत्रणा, नेमका पाहुणे आल्यावरच दगा देतो. या वेळी आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्र लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी कोणता ना कोणता सुटा भाग आधीच बदलून पाहिला आहे. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण साधा मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजणारा मीटर, हाताशी ठेवून दहा मिनिटे तपासणी केली असती, तर हा खर्च बहुधा वाचला असता.

प्रश्न : हिप्परग्याजवळच्या आमच्या शेतावर पर्यटकांसाठी ११० सीसीची एटीव्ही आहे. बटण दाबले की सीटखालून एकदाच 'टक्' असा आवाज येतो, पण मोटर फिरत नाही. नवी बॅटरी टाकली, रिलेही बदलला. आता मेकॅनिक सेल्फ मोटर बदलायला सांगत आहेत. हेडलाइट मात्र लख्ख पेटतो. मोटर घ्यावी का?

उत्तर : इतक्यात घेऊ नये. सेल्फच्या यंत्रणेत दोन मार्ग असतात. बारीक तारांचा मार्ग चावी, ब्रेकचा स्विच आणि बटण यांतून जाऊन रिलेच्या, म्हणजे थोड्या प्रवाहाने जाड मार्ग जोडणाऱ्या स्विचच्या, गुंडाळीपर्यंत पोहोचतो, तर जाड केबलींचा मार्ग बॅटरीपासून रिलेच्या दोन मोठ्या बोल्टांमधून मोटरपर्यंत आणि मोटरच्या अंगातून, म्हणजे इंजिन व चासीतून, परत बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत येतो. 'टक्' आवाज येतो याचा अर्थ बारीक मार्ग ठीक आहे, तेव्हा शोध जाड मार्गातच घ्यायचा. हेडलाइटच्या लख्ख उजेडावर विसंबू नये. हेडलाइटला जेमतेम तीन अँपिअर लागतात, तर सेल्फ मोटर क्षणभर पन्नास अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह ओढते. जोडात केवळ ०.०५ ओहम रोध असला, तरी पन्नास अँपिअरला तेथे २.५ व्होल्ट खर्ची पडतात, आणि दिव्याला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही.

आता मोजमाप. गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी आणि हँडब्रेक लावावा. मीटरच्या तारा बॅटरीच्या क्लॅम्पवर न लावता थेट खुंट्यांवर टेकवाव्यात. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दिसायला हवे. बटण दाबून धरल्यावर आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तर बॅटरीच अशक्त आहे किंवा मोटर जाम होऊन वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओढते आहे. पण आकडा बारा व्होल्टच्या आसपासच राहिला आणि तरीही मोटर फिरली नाही, तर बॅटरीकडे ताकद असूनही वाटेत कोठेतरी अडथळा आहे. तो शोधण्यासाठी मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि लाल तार इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून पुन्हा बटण दाबावे. येथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंग खराब आहे असे समजावे. धन बाजूही अशाच रीतीने, बॅटरीच्या धन खुंटीपासून मोटरच्या बोल्टपर्यंत, तपासावी.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. बॅटरी आणि मोटर दोन्ही कोऱ्या होत्या, तरी सेल्फ लागत नव्हता. बटण दाबल्यावर बॅटरीवर १२.३ व्होल्ट टिकून राहत होते आणि ऋण खुंटी व इंजिन यांच्यामध्ये तब्बल आठ व्होल्ट दिसत होते. काळी केबल चासीला ज्या बोल्टने आवळली होती, तो मी खोलला. केबलच्या तांब्याच्या टिकलीखाली चासीचा काळा रंग तसाच होता आणि त्यावर आपल्या काळ्या मातीचा, पावसाळ्यात भिजून पुढे दगडासारखा वाळलेला थर बसला होता. टिकली पॉलिश पेपरने घासली, बोल्टाभोवतीचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा केला, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. पुढच्याच बटणाला इंजिन फिरले. त्या मालकांनी दोन नव्या भागांसाठी मोजलेले पैसे मात्र परत येणार नव्हते.

दोन्ही बाजूंची मापे ठीक निघाली, तरच मोटर उतरवावी. तेव्हाही आधी कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे ठोकळे, पाहावेत. मोटरवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर ती एकदा फिरत असेल, तर ब्रश झिजले असण्याची शक्यता मोठी असते, आणि ब्रशचा संच अख्ख्या मोटरच्या मानाने फारच स्वस्त पडतो.

प्रश्न : मुलांनी एटीव्ही प्रेशर पंपाने धुतली आणि तेव्हापासून बटण दाबल्यावर कसलाच आवाज येत नाही. 'टक्'सुद्धा नाही. कोठून सुरुवात करावी?

उत्तर : आपल्या गाडीत बिघाड बारीक तारांच्या मार्गात आहे. चावी फिरवल्यावर एकही दिवा लागत नसेल, तर बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज पाहावा. दिवे लागत असतील, तर ब्रेक दाबून मागचा लाल दिवा पेटतो का ते पाहावे. लहान एटीव्हींमध्ये बहुधा ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फचा मार्ग पूर्णच होत नाही. त्यामुळे ब्रेकचा दिवा पेटत नसेल, तर ब्रेकच्या दांडीखालच्या बोटभर स्विचमध्ये पाणी किंवा चिखल गेला आहे असे समजून तो उघडावा, सुकवावा आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा. त्याच वेळी हँडलवरचा, इंजिन बंद करणारा लाल किल स्विच आणि गाडीच्या मागे लटकणाऱ्या सुरक्षा दोरीची खुंटी जागेवर आहे का, हेही पाहावे, कारण काही गाड्यांत यांमुळेही सेल्फ अडतो. हे सारे ठीक असेल, तर रिलेच्या दोन बारीक तारांच्या टोकांना टेस्ट लॅम्प लावून बटण दाबावे. दिवा पेटला आणि रिले गप्प राहिला, तर रिले बदलावा. दिवा पेटलाच नाही, तर बटण किंवा वायरिंग तपासावे.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ब्रेकच्या स्विचच्या दोन तारा कायमच्या जोडून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. अशी गाडी गिअरमध्ये असताना मुलाने बटण दाबले, तर ती जागच्या जागी उसळी घेते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याबाबतही माझे हेच म्हणणे आहे. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर कोठेतरी तार घासून चासीला टेकते आहे किंवा उंदराने कुरतडली आहे. ती जागा शोधून काढावी.

प्रश्न : मंगळवेढ्याहून लिहीत आहे. माझ्या मोटरसायकलला किक नाही. दरवर्षी मे महिन्यात बॅटरी बसते आणि नवी घ्यावी लागते. दोष बॅटरीचा की गाडीचा?

उत्तर : बॅटरी वर्षाला एक याप्रमाणे जात असेल, तर नुसती बदलत राहण्यापेक्षा कारण शोधणे शहाणपणाचे. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराबाबतचे बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर अनेक दुचाकींची किक गेली, आणि तेव्हापासून सारी भिस्त बॅटरीवर आली. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या सीटखाली तापमान त्याहूनही बरेच चढते. ढोबळमानाने, बॅटरीचे तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणून गाडी सावलीत लावणे हा या बाबतीत खराखुरा उपाय आहे.

त्यानंतर चार्जिंग तपासावे. इंजिन सुरू करून ॲक्सिलरेटर मध्यम पिळला असता बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. तेरापर्यंतही पोहोचत नसेल, तर चार्जिंगच होत नाही. पंधराच्या वर जात असेल, तर चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर खराब आहे आणि तो आतील पाणी उकळून बॅटरी मारतो आहे. अशा गाडीत कितीही नामांकित बॅटरी बसवली, तरी तिची गत तीच होणार. तिसरे कारण म्हणजे गाडी बंद असताना होणारी गळती. चावी काढून, ऋण केबल सोडवून, केबल आणि खुंटी यांच्यामध्ये मीटर मिलिअँपिअरवर लावावा. थोडे मिलिअँपिअर दिसणे स्वाभाविक आहे, पण आकडा शंभराच्या घरात असेल, तर बाहेरून बसवलेला अलार्म, जीपीएस किंवा जादा दिवे एकेक करून सोडवत जावे. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नये, कारण मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो.

बॅटरी पाणी घालण्याच्या प्रकारची असेल, तर तिच्यात केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे पाणी कितीही स्वच्छ दिसले, तरी त्यातील क्षार प्लेटांची हानी करतात.

प्रश्न : बटण दाबल्यावर मोटर 'घुर्रर्र' करून जोरात फिरते, पण इंजिन फिरतच नाही.

उत्तर : मोटर आणि इंजिन यांना जोडणारा वन-वे क्लच घसरतो आहे किंवा मधल्या गिअरचे दात गेले आहेत. हा दोष विजेचा नाही, म्हणून बॅटरीवर पैसे घालवू नयेत. इंजिनाची बाजू उघडावी लागते, तेव्हा हे काम चांगल्या मेकॅनिककडेच द्यावे.

प्रश्न : माझा टॉवेलचा कारखाना आहे. स्कूटर शेडमध्येच उभी असते. सेल्फ उत्तम फिरतो, पण गाडी पेट घेत नाही.

उत्तर : आपला सेल्फ त्याचे काम चोख करत आहे, तेव्हा त्याला हात लावू नये. प्रथम एअर फिल्टर उघडून पाहावा. लूमच्या शेडमधील कापसाची फुई हवेबरोबर आत ओढली जाते आणि फिल्टरच्या कागदावर पातळ नमद्यासारखी बसते, त्यामुळे इंजिनाला श्वासच घेता येत नाही. फिल्टर साफ असेल, तर पेट्रोल आणि प्लगची ठिणगी तपासावी. तोवर सेल्फ मारत राहू नये. एका वेळी पाच सेकंदांहून अधिक बटण दाबू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान पंधरा सेकंद थांबावे, नाहीतर मोटरची गुंडाळी तापते आणि एकाचे दोन बिघाड होतात.

प्रश्न : उजनी जलाशयाकाठी शेत आहे. तेथे एटीव्हीची बॅटरी उतरली, तर ट्रॅक्टरवरून सुरू करता येईल का? ढकलून का सुरू होत नाही?

उत्तर : ज्या एटीव्हीत बेल्टवर चालणारे ऑटोमॅटिक गिअर असतात, तिची चाके ढकलून इंजिन फिरत नाही, कारण इंजिनाचा वेग वाढेपर्यंत तिचा क्लच पकडतच नाही. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची असेल, तर तिच्यावरून सुरू करता येते. ट्रकची मदत मात्र कदापि घेऊ नये. मोठ्या ट्रकची यंत्रणा चोवीस व्होल्टची असते आणि एटीव्हीचे सीडीआय (प्लगची ठिणगी पाडणारे इलेक्ट्रॉनिक युनिट), दिवे, रेग्युलेटर असे सारे एका क्षणात जळू शकते.

ट्रॅक्टर बंद ठेवावा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन खुंटीला आणि मग ट्रॅक्टरच्या धन खुंटीला लावावी. काळी केबल ट्रॅक्टरच्या ऋण खुंटीला आणि तिचे शेवटचे टोक एटीव्हीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरी आणि पेट्रोलच्या टाकीपासून दूर, लावावे. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो, म्हणून ही काळजी घ्यायची. गाडी सुरू झाली की केबली उलट क्रमाने काढाव्यात. घरी आल्यावर बॅटरी लहान चार्जरवर, तिच्या क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाइतक्या प्रवाहाने, म्हणजे नऊ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर ०.९ अँपिअरने, सावकाश चार्ज करावी. चार्जर काढल्यावर ती रात्रभर तशीच ठेवून सकाळी व्होल्टेज मोजावे. आकडा १२.४ च्या खाली उतरला असेल, तर ती बॅटरी घेऊन पुन्हा जलाशयाकाठी जाऊ नये.