संवेदनशील आणि सतत मुरुम येणाऱ्या त्वचेसाठी कोणती उत्पादनं वापरून बघावीत?

तुम्ही लिहिलंय की जे लावाल त्याने चेहरा लाल होतो, आग होते आणि दोन महिन्यांत चार फेसवॉश, दोन सीरम बदलून झाले. मी स्वतः या चक्रात कॉलेजपासून सहा वर्षं अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक विनंती. डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडून बाकी सगळं दोन-तीन आठवडे थांबवा. (मेडिकलमधून आणलेलं गोरं करणारं किंवा 'पिंपल्सचं' मलम चालू असेल तर मात्र शेवटचा परिच्छेद आधी वाचा.) या दिवसांत फक्त तीनच गोष्टी ठेवा: सुगंध नसलेला, फारसा फेस न होणारा सौम्य क्लेन्झर, साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. अंगाला लावायचा साबण तोंडाला नको. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5. आणि नेहमीच्या साबणाचा 9 ते 10. धुतल्यावर गाल ताणल्यासारखे वाटतात, त्याला आपण 'स्वच्छ झालं' म्हणतो, पण ते त्वचा कोरडी पडल्याचं लक्षण असतं. अशा त्वचेला पुढे काहीही लावलं तरी झोंबतं. तुमची बरीचशी आग यातूनच येत असेल, असा माझा अंदाज आहे.

चेहरा शांत झाला की मग एक, फक्त एकच नवीन वस्तू आणा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावा. खाज, पुरळ काही नाही आलं तर कानाजवळ जबड्याच्या कडेला दोन-तीन दिवस, आणि मग चेहऱ्यावर. हे फार वेळखाऊ वाटेल. मलाही वाटायचं. पण चार गोष्टी एकदम सुरू केल्या की बाधली कुठली आणि लागू पडली कुठली, हे कधीच कळत नाही.

मी आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे आई दुधाचे लिटर लिहिते, त्याच चौकटीत खाली बारीक अक्षरांत नोंद करायचे: काय लावलं, कुठे लाल झालं, पाळी कधी आली. तीन महिन्यांची पानं उलटल्यावर दोन गोष्टी लख्ख दिसल्या. 10 टक्के नायसिनामाइड (सीरममध्ये असणारं ब3 जीवनसत्त्वाचं एक रूप) लावलं की तिसऱ्या दिवशी गाल लाल व्हायचे, 5 टक्क्यांचं मात्र चाललं. आणि कपाळावरचे बारीक दाणे खोबरेल तेलाचे होते. दर शनिवारी रात्री डोक्याला तेल, तेच उशीवरून कपाळाला. खोबरेल छिद्रं बंद करू शकतं. तेल बंद केल्यावर महिन्याभराने कपाळ मोकळं झालं. आईला हे पटायला त्याहून जास्त वेळ लागला.

मुरुमांसाठी म्हणाल तर बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्क्यांचंच घ्या. जास्त टक्क्यांचं घेऊन फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. सुरुवातीला दहा मिनिटं ठेवून धुऊन टाकलं तरी चालतं. त्याने कापडाचा रंग उडतो. माझ्या निळ्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा पांढुरका डाग अजून आहे, तेव्हा पांढरा टॉवेल वापरा. काळे-पांढरे दाणे जास्त असतील तर अ‍ॅडापलीन (छिद्रं मोकळी ठेवणारं मुरुमांचं औषध) 0.1 टक्के, पण ते डॉक्टरांना विचारूनच. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अजिबात नको. मटारएवढं, पूर्ण चेहऱ्याला, मॉइश्चरायझरवर, आठवड्यातून दोनदा. पहिले काही आठवडे मुरुम वाढल्यासारखे वाटतात. नेहमीच्याच जागी वाढले तर धीर धरा. नव्या जागी पुरळ, सूज, सतत आग असेल तर ते तुम्हाला सोसत नाहीये, थांबवा. खरा फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. मी दोनदा चौथ्या आठवड्यात कंटाळून सोडलं होतं, त्याचं आजही वाईट वाटतं.

लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यातलं काही नको. आपल्या सावळ्या त्वचेवर मुरुमापेक्षा त्याचा काळा डाग जास्त दिवस राहतो, आणि प्रत्येक जळजळ तो डाग आणखी गडद करू शकते. सनस्क्रीनवर मी एवढा भर देते तो त्यासाठीच. एकसारखे, खाजणारे, कपाळावर नि पाठीवर येणारे दाणे असतील तर ते मुरुम नसून यीस्टमुळे (त्वचेवरच्या एका बुरशीमुळे) आलेले असू शकतात, त्याचं औषध वेगळं. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर खोल दुखऱ्या गाठी येत असतील, तर क्रीमच्या आधी तपासणी करून घ्या.

आता त्या मलमाबद्दल. चुलत बहिणीच्या लग्नाआधी मी दुकानातून विचारून एक ट्यूब आणली होती. चार दिवसांत चेहरा असा नितळ झाला की सगळ्यांनी विचारलं, काय लावतेस? दोन महिन्यांनी ती एक दिवस चुकली तरी गाल तापायचे, उन्हात उभं राहवत नव्हतं, आणि पुरळ पहिल्यापेक्षा दाट. त्यात स्टेरॉइड होतं, म्हणजे लाली आणि सूज तात्पुरती दाबणारं औषध. 2018 पासून अशी कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे, तरी ती मिळतात. तुमच्याकडच्या ट्यूबच्या मागे बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव आहे का बघा. असेल तर मनाने एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो. तीच ट्यूब पिशवीत टाका आणि या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. किती दिवस लावली तेही न लाजता सांगा.