बाहेरचे देश आणि जनमत लोकशाही वाचवू शकतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एखाद्या देशातली लोकशाही मोडीत निघत असेल तर तिथलं जनमत आणि बाहेरचे मित्रदेश खरंच काही करू शकतात का, की सगळे नुसते निषेधाचे खलिते? आणि सांगलीत बसून आपण त्यात काय करणार?

मी काही राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. कराडच्या पोस्टात नोकरी केली, वडीलही पोस्टातच होते. त्यामुळे खिडकीतून जेवढं दिसलं तेवढं सांगतो.

१९७१ च्या नोव्हेंबरात पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट लावणं सक्तीचं झालं. नवं तिकीट छापून होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरं उमटवून ते विकायला आलं. मी तेव्हा सोळा वर्षांचा. वडिलांचा डबा घेऊन गेलो होतो, तर खिडकीशी एक म्हातारी भांडत होती. तिचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत. “लेकाला कागुद धाडायचा, त्यात ह्यो पाच पैशाचा दंड कशापायी?” वडील म्हणाले, “दंड नव्हं मावशी, तिकडनं माणसं आल्यात, त्यांच्या भाकरीला.” तिने कनवटीची गाठ सोडली, पैसे मोजले आणि विचारलं, “किती आल्यात?” वडिलांनी सांगितलं, कोटभर. तिला कोट म्हणजे किती ते कळलं नसावं. खरं तर मलाही कळलं नव्हतं.

ती माणसं का आली होती? आपण बांगलादेश म्हटलं की युद्ध आठवतो, पण मूळ भांडण निवडणुकीच्या निकालाचं होतं. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत ३१३ पैकी १६७ जागा मिळाल्या. चक्क बहुमत. लष्कराने सत्ता दिली नाही, सभा भरवली नाही आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, सैन्य रस्त्यावर उतरवलं. तिथून जीव वाचवून पळालेली माणसं आपल्याकडे आली.

आता मित्रदेशांचं बघा. लोकशाहीचा डंका पिटणारी अमेरिका कुणाच्या बाजूने होती? अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखानच्या. ढाक्यातला त्यांचाच कॉन्सल जनरल आर्चर ब्लड आणि त्याचे सहकारी यांनी ६ एप्रिलला वॉशिंग्टनला तार केली की आपलं धोरण चुकतंय. ब्लडची उचलबांगडी झाली. पण त्याच अमेरिकेत जुलैमध्ये बाल्टिमोर बंदरात काही साधी माणसं छोट्या होड्या घेऊन शस्त्रं न्यायला आलेल्या ‘पद्मा’ नावाच्या पाकिस्तानी जहाजाच्या वाटेत आडवी झाली. पोलिसांनी त्यांना पकडून नेलं. पुढे फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजावर माल चढवायला नकार दिला. ज्यांची मजुरीच त्या मालावर, त्यांनी! १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी मोठी मैफल करून पैसे जमवले. सिनेटर एडवर्ड केनेडी आपल्याकडच्या छावण्या बघून गेले आणि तिकडे जाऊन सरकारवर तुटून पडले.

म्हणून ‘मित्रदेश’ या शब्दाशीच मी जरा अडखळतो. सरकारं हिशेब बघतात, त्यात आपलंही आलं. १९७१ ला आपण निव्वळ पुण्य कमवायला गेलो नव्हतो. मदत खरी होते ती त्या देशातली माणसं आपल्याच सरकारच्या मानेवर बसतात तेव्हा. उलटही घडतं, १९५३ साली इराणात निवडून आलेले पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार पाडायला अमेरिका आणि ब्रिटननेच हात दिला होता. तेव्हा बाहेरचा कोणी मदतीला आला की आधी त्याच्या हातात काय आहे ते बघावं.

जनमताचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. डिसेंबर १९७५, आणीबाणी चालू, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि कराडला मराठी साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे आमच्या कराडचेच, पण त्या वेळी देशाचे परराष्ट्रमंत्री. मी मंडपात पाणी वाटायला होतो. इंदिराबाईंच्या विरोधातले नेते जयप्रकाश नारायण नुकतेच कैदेतून सुटले होते, मूत्रपिंडं निकामी होऊन मुंबईत पडले होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. यशवंतरावांच्या देखत! माझ्या हातात पाण्याचा जग. तो खाली ठेवावा की तसंच उभं राहावं, कोण बघतंय, कोण नाव लिहून घेतंय, काही सुचेना. शेजारी आमचे शाळेतले मास्तर होते, सरकारी माणूस, कधी वावगं बोलायचे नाहीत. त्यांनी माझ्या हातातून जग काढून घेतला, खाली ठेवला आणि डोळे मिटले.

तोपर्यंत मला वाटायचं की हे सगळं खटकणारा कराडात मी एकटाच. मास्तरांनाही बहुधा तसंच वाटत असणार. दडपशाही चालते ती याच्याच जोरावर. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

तेव्हा बाहेरूनही दबाव होता. लंडनच्या टाइम्समध्ये १५ ऑगस्ट १९७५ ला जयप्रकाशांच्या सुटकेसाठी जाहिरात आली होती, आणि जगाला आणीबाणी समजावून सांगायचं काम परराष्ट्रमंत्री म्हणून यशवंतरावांच्याच गळ्यात होतं. इंदिराबाईंनी जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक का जाहीर केली यावर लोक अजून भांडतात. माझं मत असं की बाहेरच्या टीकेने त्यांना टोचलं असेल, पाडलं मात्र इथल्या मतदाराने. (आमच्या साताऱ्याने त्याही निवडणुकीत यशवंतरावांनाच लोकसभेत पाठवलं. खोटं कशाला सांगू.) बाहेरून फार आरडाओरड झाली की ‘परकीय हात’ म्हणायला सत्ताधारी मोकळा होतो, हेही तेव्हाच शिकलो.

ताजं उदाहरण दक्षिण कोरियाचं. ३ डिसेंबर २०२४ ला रात्री साडेदहाच्या सुमाराला अध्यक्ष युन यांनी लष्करी कायदा जाहीर केला. अमेरिकेचं सुमारे २८,५०० सैन्य त्या देशात मुक्कामाला आहे, पण त्या रात्री कामाला आली ती थंडीत संसदेकडे धावलेली माणसं. खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले, १९० जणांनी एकमताने ठराव केला आणि पहाटेपर्यंत कायदा मागे. एप्रिल २०२५ मध्ये युन यांचं पदही गेलं. आधी धाव आतल्यांनी घेतली म्हणून बाहेरच्यांचं काम सोपं झालं.

पण म्यानमारमध्ये माणसं काही कमी धावली नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली, लोकांनी रात्री थाळ्या-भांडी बडवली, नोकऱ्या सोडल्या, जीव दिले. शेजारी देशांनी पाच कलमांचा तोडगा काढला, तो कागदावर राहिला. सैन्य गोळी घालायला तयार असलं की जनमत पुरत नाही, हे कबूल करायला हवं. मग निदान पळून आलेल्यांना छप्पर मिळणं एवढीच मदत उरते, आणि ती मिझोरामने केली. केंद्राचा आदेश होता की येऊ देऊ नका. मिझोरामच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की ही आमची माणसं आहेत, आणि गावांनी दारं उघडली. तीस हजारांच्या वर लोक तिथे राहिले.

राहिलं तुमचं ‘सांगलीत बसून काय करणार’. फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांसमोर आली तशी जहाजं आपल्याकडे कृष्णेत येत नाहीत. पण संयुक्त राष्ट्रांत भारत कुणाच्या बाजूने मत देतो, कुणाला आसरा देतो, कुणाला शस्त्रं विकतो, हे तुमच्या खासदाराला विचारता येतं. किती जण विचारतात? दुष्काळ, ऊस, पाणी याबद्दल विचारतो तसं हेही विचारा, एकदा नाही, दर वेळी. आणि ईमेल नको, पाकिटात घालून पत्र टाका. ईमेल एका बोटाने पुसला जातो, पाकीट निदान कुणाला तरी फोडावं लागतं. हा जुन्या पोस्टवाल्याचा हट्ट समजा.