नंबर बदलला नाही, म्हणून डोळे ठीक?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४६. वडिलांना काचबिंदू आहे, त्यांच्या एका डोळ्याची नजर जवळजवळ गेलीच आहे. मी चष्म्याच्या दुकानात अधूनमधून नंबर तपासून घेते, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचते. तरी वडिलांचे डॉक्टर म्हणतात, मुलांनीही तपासून घ्या. मागे एकदा डोळ्यांत औषध घालून तपासणी केली होती, तेव्हा संध्याकाळपर्यंत अक्षर लागत नव्हतं. त्यामुळे जायचा कंटाळा येतो. मिस्टर म्हणतात, "सगळं दिसतंय ना? मग दुखणं कशाला शोधत फिरायचं?" (त्यांना गेल्या वर्षी डायबेटिस निघालाय, पण चष्मासुद्धा नाही.) खरंच गरज आहे का?

उत्तर : आहे. तुमच्या मिस्टरांनाही आहे, पण त्यांच्याकडे शेवटी येते.

ताई, तक्ता वाचताना आपण नजरेचा फक्त मधला, चिमूटभर भाग वापरतो. काचबिंदू बहुधा सुरू होतो तो त्या भागाच्या बाहेर. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत सुमारे दहा-बारा लाख तंतू असतात, ते हळूहळू मरत जातात. मधल्या नजरेचे तंतू सहसा बराच काळ टिकून राहतात. त्यामुळे शेवटची ओळ धडाधड वाचणाऱ्या पेशंटची नस तपासताना मला ती निम्मी वाळलेली दिसते, असं घडतं. बहुतेकदा दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही.

कडेचं दिसेनासं झालं तर आपल्याला कळेलच, असं वाटतं ना? मग आत्ताच एक गंमत करा. डावा डोळा झाका. दोन्ही हात समोर ताठ धरून अंगठे उभे करा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे एकटक बघत राहा आणि उजवा अंगठा सावकाश उजवीकडे न्या. वीतभराला थोडं कमी अंतर झालं की त्याचं टोक गायब होईल. नस डोळ्यात शिरते तिथे डोळ्याच्या आतल्या पडद्याला दिसत नाही, ही तीच जागा. ती जन्मापासून आहे, तरी तिथे काळं भोक दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा भरून टाकतो. शिवाय एका डोळ्याचं उणं दुसरा डोळा झाकतो. काचबिंदूने पडलेली भोकंही अशीच लपतात.

म्हणून कोणी बघायचं, तर डॉक्टरने. आधी डोळ्याचं प्रेशर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पाण्याचा दाब; तो वाढला की नस खराब होऊ शकते. पिवळा थेंब घालून निळ्या उजेडात एक छोटं टोक बुबुळाला टेकवतात. तुम्हाला नुसता निळा प्रकाश दिसतो. मला दोन हिरव्या अर्धकड्या दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना भिडेपर्यंत मी चकती फिरवते आणि आकडा वाचते. १० ते २१ हा साधारण नॉर्मल मानतात, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. बुबुळ पातळ असेल तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो, आणि काही जणांची नस नॉर्मल प्रेशरमध्येही खराब होते. म्हणून नस प्रत्यक्ष पाहायची, शंका आली तर तिचं स्कॅनिंग आणि फील्ड टेस्ट, म्हणजे मंद दिवे दाखवून आजूबाजूची नजर मोजणारी तपासणी, करायची.

फील्ड टेस्टला बरेच जण रडवेले होऊन बाहेर येतात : "मॅडम, मला निम्मे दिवे दिसलेच नाहीत!" यंत्र मुद्दाम दिवा इतका मंद करत नेतं की निरोगी डोळ्यालाही कित्येक दिवे दिसत नाहीत. मधल्या खुणेवरून नजर हलवू नका आणि दिसलं तरच बटण दाबा, एवढंच. पहिली टेस्ट बिघडली तर पुन्हा करू.

आता औषधाचा कंटाळा. बाहुली मोठी केल्याशिवाय नस आणि पडदा नीट दिसत नाही. चार-सहा तास जवळचं पुसट दिसतं, उजेड खुपतो. गॉगल न्या, त्या दिवशी वाचायचं काम ठेवू नका. काहींच्या डोळ्यातला हे आतलं पाणी वाहून जायचा कोन अरुंद असतो, त्यांना या थेंबांनी प्रेशर वाढू शकतं. म्हणून डॉक्टर आधी तो कोन बघतात, तेव्हा घाई करू नका.

आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. तेव्हा आत्ता एकदा संपूर्ण तपासणी करा, पुढे साधारण वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तसं. भावंडांनाही कळवा. वडिलांना किती वयात निदान झालं ते विचारून जा. आणि घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब डोळा लाल झाला की घालायची सवय असेल तर ती आजच सोडा, त्यांनीही प्रेशर वाढतं. (ही सवय मी फार घरांत पाहते.) एक लक्षात घ्या, मोतीबिंदूत गेलेलं दिसणं ऑपरेशनने बहुधा परत येतं, काचबिंदूत गेलेलं येत नाही. थेंब, लेझर, ऑपरेशन, सगळं उरलेलं राखण्यासाठी.

आणि मिस्टर. मोठ्या वयात निघालेला डायबेटिस कळण्याआधी वर्षानुवर्षं अंगात असू शकतो, म्हणून पडदा निदान झाल्याबरोबरच तपासायचा असतो, नंतर दरवर्षी. डायबेटिसमुळे पडद्यावर बारीक रक्तस्राव असूनही चष्मा न लागणारे लोक भरपूर आहेत. त्यांचं एक वर्ष तर आधीच गेलं. दोघांच्या वेळा घ्या, फक्त एकाच दिवशीच्या घेऊ नका : औषध घातल्यावर गाडी चालवायला घरातलं कोणीतरी धड दिसणारं हवं.