मीडी पोचली, मींड हरवली

प्रिय विद्यार्थिनी,

बारावीनंतर संगीत संयोजनातच उतरायचं, असं तू लिहिलं आहेस. सांगलीत तू चाल बांधतेस, पुण्यातला मित्र त्यावर वाद्यं चढवतो. पण तुझी मीडी फाइल त्याच्याकडे उघडली की तबल्याचे बोल बदलतात, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) अर्धवट राहते. बाबांनी महागडं सॉफ्टवेअर घेऊन द्यावं का, हा तुझा प्रश्न. आत्ता नको, असं मी म्हणेन. बिघाड त्यानं सुटणारा नाही.

मीडी फाइलमध्ये आवाज नसतोच. कोणती पट्टी कधी, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढ्या सूचना असतात; वाद्य समोरच्या संगणकानं आणायचं. 1991 मध्ये ठरलेल्या जनरल मीडी या सामायिक यादीच्या 128 वाद्यांत सतार 105 व्या क्रमांकावर आहे, तबला नाही आणि हार्मोनियमही नाही. त्यामुळे तबल्याची प्रत्येक लायब्ररी (आवाजांचा संच) बोल आपापल्या सोयीनं पट्ट्यांवर मांडते. तुझा ‘ना’ तिकडे ‘गे’ झाला, तो यामुळे. मींडेचंही तसंच. तुझ्याकडे पिच बेंडची (स्वर वर-खाली सरकवणाऱ्या सूचनेची) मर्यादा 12 अर्धस्वर आणि त्याच्याकडे नेहमीची 2 असेल, तर सा ते प ही मींड कोमल रिषभाच्या जरा पुढे जाऊन थांबते. हे तुझ्या कानाला खटकलं, याचं मला फार बरं वाटलं. संगीताचा क्लास सोडू नकोस.

दोघांनी एकच सॉफ्टवेअर, एकच आवृत्ती, एकच साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) ठेवा. एलएमएमएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. रीपर हे दुसरं सॉफ्टवेअर 60 दिवस वापरून बघता येतं, पुढे वैयक्तिक परवाना 60 डॉलरला. बोल आणि पट्ट्यांचा तक्ता, पिच बेंडची मर्यादा, टेम्पो आणि ‘काळी चार’ वगैरे स्वर एका चिठ्ठीत लिहून फाइलसोबत पाठव. प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइलही (प्रत्यक्ष आवाजाची फाइल) दे, सगळ्या पहिल्या मात्रेपासून सुरू होणाऱ्या, म्हणजे तुझ्या मनातला आवाज त्याला ऐकू येईल. आणि एका वेळी एकानंच बदल करायचा, फाइलच्या नावात तारीख घालून.

स्टुडिओत संयोजकाच्या हाताखाली प्रोग्रॅमिंग करणाऱ्या नवख्याकडून नेमकी हीच शिस्त हवी असते. दिवाळीपर्यंत अशा तीन रचना पूर्ण करा. त्या ऐकून सॉफ्टवेअरचं आपण बाबांशी बोलू.