तीन दुखणी आणि डोक्यावरचं मशीन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टर, आम्ही चोपडा तालुक्यातले. आमचे हे कितीतरी वर्षं केळीच्या गाड्या भरायच्या कामावर होते, खांद्यावर घड वाहून वाहून कंबर गेली, एमआरआयमधे मणक्याची गादी सरकलेली निघाली, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. मग मेडिकलवरून दुखण्यावरची ट्रॅमाडॉलची गोळी सुरू झाली ती सुटलीच नाही, संध्याकाळी क्वार्टर पण लागते. आता रात्री छातीत धडधड होते, घाम फुटतो, "मी मरी जासू" म्हणत उठून बसतात, त्यासाठी अल्प्राझोलम ही भीतीची-झोपेची गोळी वेगळी. मोठ्या शहरातल्या एका सेंटरवाल्याने सांगितलं की डोक्याला मशीन लावून व्यसन, दुखणं आणि भीती तिन्ही जातात, ३० सिटिंग, पैसे आधी. कापसाचे पैसे आलेत घरात, भरू का? आणि हा शॉकच असतो ना?

उत्तर : ताई, पैसे आत्ता भरू नका. का ते सांगतो.

आधी शॉकचं. शॉक म्हणजे ईसीटी, त्यात भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. तुम्हाला सांगितलेलं मशीन बहुतेक आरटीएमएस असणार, ते वेगळं. पेशंट जागा असतो, खुर्चीत बसून असतो, डोक्याला तारांचं वेटोळं असलेली कॉईल टेकवतात आणि टक टक टक असा आवाज येत राहतो, म्हणून कानात बोळे देतात. कॉईलमधलं चुंबकीय क्षेत्र झटकन बदलतं आणि त्याने कवटीच्या आत दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत हलका करंट तयार होतो. पहिल्या दिवशी डॉक्टर तुमच्या यांच्या अंगठ्याकडे बघत बसतील, किती जोर दिला की अंगठा उडतो त्यावरून डोस ठरतो. १९८५ साली इंग्लंडात शेफिल्डला अँथनी बार्कर यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं, तेव्हाही हातच हलवला होता. आठवड्याचे पाच दिवस असं चार ते सहा आठवडे चालतं, म्हणजे खोली करून राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च वेगळाच, तो कोणी पॅकेजमधे सांगत नाही.

आता तिन्ही जातात का. औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २००८ मधे डिप्रेशनसाठी याला मान्यता दिली, २०१३ मधे अशाच पण एकेक ठोका देणाऱ्या मशीनला एका प्रकारच्या मायग्रेनसाठी, २०१८ मधे ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार), २०२० मधे सिगारेट सोडण्यासाठी. दारूसाठी अजून नाही. नुसत्या भीतीसाठी नाही, २०२१ मधे जी दिली ती डिप्रेशनसोबत भीती असेल तर. कंबरदुखीसाठी अभ्यास झालेत, पण त्यात मिळणारा आराम थोडा आणि थोड्या दिवसांचा दिसतो, नसेच्या दुखण्यात जरा बरा. सिगारेटचंच बघा, तिथे मान्यता आहे तरी २६२ लोकांच्या अभ्यासात खरं मशीन लावलेल्यांपैकी १९ टक्के लोकांची सलग चार आठवडे सिगारेट सुटली आणि खोटं मशीन लावलेल्यांपैकी ९ टक्क्यांची. दुप्पट आहे, चांगलंच आहे, पण शंभरातल्या ऐंशी जणांची नाही सुटली हेही त्याच आकड्यात आहे.

शिवाय जागा वेगवेगळी असते. डिप्रेशनला कपाळाच्या डाव्या बाजूला थोडं वर, दुखण्याला डोक्याच्या मधल्या भागात हालचालीच्या पट्ट्यावर, सिगारेटला दोन्ही बाजूंना खोलवर जाणारी कॉईल, कारण इन्सुला नावाचा भाग तिथे आत आहे (मेंदूला इजा होऊन हा भाग निकामी झालेल्या काही लोकांची सिगारेटची तलफच गेली, हे २००७ मधे लक्षात आलं होतं). म्हणून सेंटरवाल्याला एवढंच विचारा, की तिघांपैकी कशासाठी आणि डोक्यावर नेमकं कुठे लावणार? "सगळ्यासाठी" असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या.

तरी सेंटरवाला अगदीच हवेत बोलत नाही हेही सांगतो. दुखणं, तलफ आणि भीती या तिघांच्या वायरी मेंदूत बऱ्याच ठिकाणी एकत्र येतात, म्हणून तर यांना कंबर दुखली की क्वार्टर आठवते, आणि दारू उतरली की धडधड वाढते. रात्रीचा तो घाम आणि धडधड यातला काही भाग भीतीचा नसून दारू आणि गोळी उतरण्याचा असू शकतो. हे तीन पदरांचं दावं आहे, एक पदर ओढला की बाकीचे आवळतात, आणि मशीन लावायचं तरी आधी तो पीळ सैल करावा लागतो. या तिन्हींवर एकदम काम करायचा अभ्यास जगात सुरू आहे, अजून पक्की पद्धत ठरलेली नाही.

आता जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. आरटीएमएसमधे फिट येण्याचा धोका एरवी हजारात एकापेक्षाही कमी. पण ट्रॅमाडॉलने फिटची शक्यता वाढते, रोजची दारू एकदम तोडली की वाढते, अल्प्राझोलम एकदम बंद केली की वाढते, आणि यांच्याकडे तिन्ही आहेत. म्हणून "उद्यापासून सगळं बंद" असं घरच्याघरी अजिबात करू नका. दारू तोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन माणूस बडबडायला लागतो, त्यात जीवही जातो. आणि उलटं, दारूवर ट्रॅमाडॉल आणि अल्प्राझोलम एकत्र गेली तर झोपेत श्वास मंद होतो, तेवढं तरी आजपासून टाळायला सांगा.

जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, तिथे ॲडमिट करून दारू उतरवा, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन (थायमिन) लागेल, झोपेची गोळी हळूहळू कमी करतील. जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घेऊन जा, रिकामी सुद्धा. का, तर दारूची तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन देतात, आणि डॉक्टरला ट्रॅमाडॉलचं माहीत नसेल तर ती गोळी घेतल्यावर यांना तासाभरात उलट्या, कळा आणि तळमळ सुरू होईल. तसंच भीती आणि पाठदुखी दोन्हीवर चालणारी ड्युलोक्सेटिन नावाची गोळी आहे, पण दारू जास्त असेल तर ती लिव्हरला जड जाते आणि ट्रॅमाडॉलसोबतही जपून, म्हणजे क्रम महत्त्वाचा. सोबत फिजिओथेरपी आणि समुपदेशन. एवढं होऊन दोन-तीन महिन्यांनी मन खचलेलंच राहिलं तर मग आरटीएमएसचा विषय काढा, तेव्हा मीच म्हणेन विचार करा म्हणून.

ते यायलाच तयार नसतील तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेला तुम्ही फोन करा, मराठीत बोलतात, फुकट आहे. दारूवाल्यांच्या बायकांचे फोन त्यांना नवीन नाहीत.

प्रश्न : सर, माझ्या वडिलांच्या हृदयात पेसमेकर आहे, तंबाखू सोडवायला हे मशीन चालेल का? अमळनेर

उत्तर : भाऊ, पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरने लेखी हो म्हटल्याशिवाय नाही. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून ऑपरेशनने बसवलेलं यंत्र) असेल तर नाहीच. दाताच्या चांदीचं काही नसतं. आणि मान्यता सिगारेटसाठी आहे, चघळायच्या तंबाखूसाठी नाही. आधी निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगम हृदयाच्या डॉक्टरला विचारून बघा, स्वस्तात पडतं.

प्रश्न : भावाने टेन्शनसाठी ऑनलाइन टीडीसीएसचं, म्हणजे डोक्याला हलका करंट देणारं मशीन मागवलं, दोन ओले स्पंज कपाळाला लावतो. घरी केलं तर चालतं का? भुसावळ

उत्तर : दवाखान्यात यात एक ते दोन मिलिअँपिअर करंट साधारण वीस मिनिटं देतात, टक टक नसते, कातडीला मुंग्या येतात. ऐकायला साधं वाटतं. पण स्पंज वाळला की खाली कातडी भाजते, स्पंज कुठे ठेवला यावर परिणाम बदलतो, आणि "थोडं बरं वाटलं" म्हणून पोरं दिवसातून तीनदा लावतात. त्यात तुमचा भाऊ टेन्शनची कुठली गोळी खातो का ते तुम्ही लिहिलंच नाही. डॉक्टर ठरवून देत असतील, अधूनमधून तपासत असतील तर ठीक. तसं नसेल तर परत करायची मुदत बघा, अजून असेल तर डब्यात घालून पाठवून द्या.