बॅलराटला भाड्याने घर घेताय? आधी उत्तर दिशा बघा

घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघराचं कौतुक नंतर करा, आधी मोठ्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते पाहा. बॅलराट ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळ; इथे सूर्य उत्तरेच्या बाजूने फिरतो. दक्षिणेकडची खोली जून-जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात गारठते, आणि घरून काम करत लॅपटॉप घेऊन दिवसभर बसणार तुम्हीच! त्यात गाव समुद्रसपाटीपासून ४०० मीटरहून उंच. जुनी लाकडी घरं देखणी, पण फटींतून वारा येतो. हीटर कसला आहे आणि एनबीएनची (इथल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड इंटरनेटची) फायबर थेट घरात येते की रस्त्यावरच्या पेटीपर्यंतच, हे सही करण्याआधी विचारा. डिपॉझिट, म्हणजे बॉण्ड, आरटीबीए या सरकारी संस्थेकडे जमा होतो. पावती येईपर्यंत पाठपुरावा करा.

पुण्यातल्या टीमसोबत काम असेल तर त्यांचे सकाळचे साडेनऊ म्हणजे इथले दुपारचे दोन. ऑक्टोबर ते एप्रिल इथली घड्याळं तासभर पुढे, म्हणून तीन. सकाळ मोकळी मिळते, माझ्या मते हीच खरी चैन. डॉक्टर, बँक, टपाल तेव्हाच उरका, पाचनंतर बरंचसं गाव बंद. मेलबर्नला व्ही-लाइनची रेल्वेगाडी साधारण दीड तासात पोचवते. मायकी हे प्रवासाचं कार्ड चालतं, आणि २०२३ पासून दिवसभराचं भाडं मेलबर्न शहरातल्याइतकंच पडतं.