प्रत्येक सर्व्हनंतर मुलीला चूक सांगावी का?

तुमची मुलगी शाळेच्या व्हॉलीबॉल संघात आहे. खानापुरात घराच्या अंगणात तुम्ही प्रत्येक सर्व्हनंतर "कोपर वाकलं", "चेंडू लांब उडवलास" असं सांगता, तेव्हा तिला जमतं आणि सामन्यात चेंडू जाळीत जातो. अजून बारकाईनं सांगावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत, सांगणं कमी करा. मी बेळगावात उद्यमबागेत फिटर आहे, आणि नवी पोरं कानस मारायला, म्हणजे लोखंडाची पट्टी घासून सपाट करायला, माझ्याच हाताखाली शिकतात. हेच दुखणं मी तिथं बघितलंय.

कानस ढकलताना हात वरखाली झाला की पट्टीच्या कडा जास्त घासल्या जातात आणि मधे पोट राहतं. गुण्या (काटकोनी पट्टी) लावून उजेडाकडं धरलं की दोन्ही टोकांना फट दिसते. पूर्वी मी चार हात मारून झाले की पट्टी काढायला लावायचो, बघायचो, "डावा हात दाबालास" म्हणून सांगायचो. संध्याकाळपर्यंत पट्टी सपाट व्हायची. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या कामावर असलो की त्याच पोराच्या पट्टीला परत पोट. कानस पूर्ण टेकून कापते तेव्हा हाताला एकसारखी ओढ लागते, आवाजही बदलतो. पण पोराचं लक्ष तिकडं नसायचंच, ते माझ्या तोंडाकडं बघत थांबायचं.

सांगणं लागतंच, हेही खरं. 1927 साली थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं लोकांना न बघता ठरावीक लांबीच्या रेघा काढायला लावल्या. बरोबर की चूक हे कळत होतं तेव्हा ते सुधारले. ते न कळता शेकड्यानं रेघा काढूनही फरक पडला नाही. पण 1990 मध्ये विन्स्टीन आणि श्मिट या संशोधकांनी तरफ ठरावीक पद्धतीनं हलवायला शिकवताना एका गटाला दर वेळी निकाल सांगितला, दुसऱ्याला निम्म्याच वेळा, तोही सुरुवातीला जास्त आणि पुढं कमी कमी करत. सराव चालू असताना दोघांत फारसा फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी काहीच न सांगता परीक्षा घेतली तेव्हा निम्मं ऐकलेले सरस ठरले. दर वेळचं सांगणं कुबडीसारखं होतं, आणि सामन्यात ती कुबडी नसते.

चेंडू जाळीत गेला हे तिला दिसतंच, ते सांगून उपयोग नाही. तिला न दिसणारं सांगा: चेंडू किती उंच उडाला, हात कुठं लागला. पण त्याआधी तिला विचारा, "तुला काय वाटलं?" माझ्याकडं गोकाककडचं एक पोरगं पट्टी पुढं करून "चलो ऐतेनु?" (कन्नडमध्ये, "चांगलं झालंय का?") विचारायचं. मी म्हणायचो, आधी तू सांग, मग गुण्या लावू. पंधरा दिवसांनी गुण्या लावायच्या आधीच त्याचं बरोबर यायला लागलं.

आमच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स असतो, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल याची हद्द, तसा तुम्हीही एक ठरवा. सर्व्ह त्यात बसली की गप्प राहायचं, आणि गप्प म्हणजे ठीक हे तिला आधीच सांगून ठेवायचं. बाहेर गेली तरी लगेच तोंड उघडू नका. तीन-चार सर्व्ह होऊ द्या, मग एकच गोष्ट सांगा. चांगली पडलेली सर्व्हही दाखवून द्या, पोरांना त्यानं हुरूप येतो. ओव्हरहँड (डोक्यावरून मारायची) सर्व्ह अगदी नवी असेल तर मात्र सुरुवातीचे काही दिवस जास्त सांगावं लागेल, कारण पाय, खांदा, मनगट सगळं एकदम जुळवायचं असतं.

पहिल्या आठवड्यात अंगणातला खेळ थोडा बिघडल्यासारखा दिसेल, घाबरू नका. त्या दिवशीच्या सरावावरून काही ठरवूही नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंग गरम झाल्यावर, एक शब्द न बोलता दहा सर्व्ह मारायला लावा आणि आत किती पडल्या ते वहीत लिहून ठेवा.